हिशेब कोणी मांडायचा?

जपानला आज परदेशी विद्यार्थी हवे आहेत. २००८ साली त्या देशाच्या सरकारने तीन लाख परदेशी विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट जाहीर केले, २०१९ पर्यंत ते गाठलेही, आणि २०२३ मध्ये पुढच्या दहा वर्षांसाठी चार लाखांचा नवा आकडा मुक्रर केला. या आतिथ्यामागचे अर्थशास्त्र समजण्यास अवघड नाही. १९९२ साली जपानमध्ये अठरा वर्षे वयाची मुले-मुली सुमारे साडेवीस लाख होती. आज ती संख्या अकरा लाखांच्या आसपास आली आहे. विद्यापीठे तेवढीच, किंबहुना अधिक, शिकणारे निम्मे. रिकाम्या बाकांना विद्यार्थी हवेत आणि वृद्ध होत चाललेल्या देशाला कामाचे हात हवेत, असा हा दुहेरी हिशेब आहे.

आपल्याकडील शहरी मध्यमवर्गाने ही हाक ऐकली आहे. अमेरिका महाग झाली, इंग्लंडचे दरवाजे अरुंद झाले, तेव्हा जपान का नको, असा विचार पुण्या-मुंबईच्या घरांतून होऊ लागला आहे. त्यात गैर काही नाही. पण या नव्या वाटेचे स्वागत करताना एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. ज्ञानाच्या बाजारात आता जात नाही, प्रांत नाही. सरकारी शिष्यवृत्त्या आहेत, जपान सरकारचीही शिष्यवृत्ती आहे. गुणवत्ता असेल तर सातपुड्याच्या कुशीतले पोरही उद्या टोकियोत अर्थशास्त्र शिकेल. हे वाक्य ऐकायला गोड आहे. ते खरे आहे काय, हे तपासण्यासाठी महाराष्ट्रात नंदुरबारइतका योग्य जिल्हा दुसरा नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आत, त्यांपैकी सुमारे ६९ टक्के आदिवासी. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत खालची. नीती आयोगाने २०२१ साली बहुआयामी दारिद्र्याचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा २०१५-१६ च्या पाहणीच्या आधारे या जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक माणसे दरिद्री ठरली. महाराष्ट्रात हाही उच्चांकच होता. दारिद्र्याचा अभ्यास करण्याची निकड जिथे सर्वांत अधिक, तिथल्या तरुणाला तो अभ्यास करण्याची संधी कितपत आहे?

प्रथम जपानची वाटच पाहू. तेथील राष्ट्रीय विद्यापीठांची वार्षिक फी गेली अनेक वर्षे ५,३५,८०० येन या प्रमाण दराने चालत आली. टोकियो विद्यापीठाने २०२५ पासून ती ६,४२,९६० येनपर्यंत वाढवली. जुना दर धरला तरी ती तीन लाख रुपयांच्या घरात जाते, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च त्याहून कितीतरी मोठा. केओसारख्या खाजगी विद्यापीठाने २०१६ पासून अर्थशास्त्राची पदवी संपूर्ण इंग्रजीतून देण्याची सोय केली आहे. परंतु तिथली फी राष्ट्रीय विद्यापीठाच्या दुपटीच्या आसपास आहे. म्हणजे स्वतःच्या पैशाने जाण्याचा प्रश्न धडगावच्या घरात उद्भवतच नाही. उरते ती जपान सरकारची पदवी-शिष्यवृत्ती. ती खरोखर उदार आहे: फी माफ, दरमहा १,१७,००० येन, पाच वर्षांचा काळ आणि त्यातले पहिले वर्ष केवळ जपानी भाषा शिकण्यासाठी. पण तिच्या उंबरठ्यावर एक परीक्षा आहे. ज्याला अर्थशास्त्र शिकायचे आहे त्याने तीन विषयांत ती द्यावयाची असते: इंग्रजी, जपानी आणि गणित.

वाचकांनी तिसऱ्या विषयावर क्षणभर थांबावे. जपानी शिकवणारा शिक्षक नंदुरबारात नाही म्हणून कोणी जिल्ह्याला दोष देणार नाही. इंग्रजी कच्चे राहते हे दुःख जुने आहे. पण गणित? दहावीनंतर या जिल्ह्यातील बहुसंख्य आदिवासी मुले-मुली कला शाखेकडे वळतात, कारण गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात तीच शाखा असते, तिची फी परवडते आणि प्रयोगशाळेचा खर्च नसतो. राज्य मंडळाच्या नियमांनुसार कला शाखेच्या विद्यार्थ्यास गणित व संख्याशास्त्र हा विषय घेता येतो. ही मुभा कागदावर आहे. प्रत्यक्षात ग्रामीण कला शाखेत हा विषय शिकवणारे कनिष्ठ महाविद्यालय शोधावे लागते. सोळाव्या वर्षी गणिताशी काडीमोड झालेला विद्यार्थी अठराव्या वर्षी अर्थशास्त्राच्या पदवीवर्गात येतो, आणि मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषा चित्रासारख्या पाठ करतो. त्या रेषेचा उतार म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. टोकियोचा दरवाजा त्याच्यासाठी टोकियोत बंद होत नाही. तो शहाद्यात, तळोद्यात, अकरावीच्या प्रवेश अर्जावरच बंद झालेला असतो. आणि केवळ टोकियोचा नव्हे. पुण्याच्या गोखले संस्थेचा, दिल्लीच्या विद्यापीठांचा, संख्याशास्त्र मागणाऱ्या प्रत्येक नोकरीचा दरवाजा त्याच दिवशी बंद होतो.

यावर असे म्हटले जाईल की अर्थशास्त्राला गणित हवेच कशाला? हा प्रश्न जपाननेही स्वतःला विचारला आहे. तिथेही अर्थशास्त्र ही परंपरेने मानव्यविद्यांच्या बाजूची शाखा मानली गेली आणि अनेक खाजगी विद्यापीठांत गणिताविना तीत प्रवेश मिळे. १८८२ साली स्थापन झालेल्या वासेदा विद्यापीठाने आपल्या राज्यशास्त्र व अर्थशास्त्र विभागाच्या प्रवेश परीक्षेत २०२१ पासून गणित सक्तीचे केले. अर्जदार घटले, टीका झाली. विद्यापीठ मागे हटले नाही. धनिक देशातील एक खाजगी विद्यापीठ अर्जदार गमावण्याचा धोका पत्करून जे मान्य करते, ते आपल्या शिक्षण खात्याला मान्य करण्यास अडचण कोणती? अडचण एकच: गणिताला शिक्षक लागतो आणि शिक्षकाला पगार लागतो.

गुणवत्ता आपली वाट काढतेच, असे म्हणणारे डॉ. आंबेडकरांचे नाव घेतात. ते नाव घेण्यापूर्वी त्यांनी त्या जीवनातील तारखा नीट वाचाव्यात. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेला तरुण त्याआधी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झालेला होता. सयाजीराव गायकवाडांची मदत न्यूयॉर्कच्या बोटीपासून सुरू झालेली नव्हती. महिना पंचवीस रुपयांची ती मदत महाविद्यालयात शिकत असतानाच सुरू झाली होती. पहिल्या पदवीचा पाया पक्का झाला, म्हणून पुढे १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध उभा राहिला. आणि ज्या राजाने ही शिष्यवृत्ती दिली, त्याने १८९३ साली अमरेली भागात व १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. नवापूरच्या शेजारचे सोनगड त्याच संस्थानात होते; तिथे आदिवासी मुलांसाठी वसतिगृहाची शाळा होती. सीमेच्या अलीकडे ब्रिटिश खानदेशात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा नव्हता, आणि १९११ साली गोखल्यांनी मांडलेले विधेयकही सरकारने संमत होऊ दिले नाही. शिडीची वरची पायरी आणि खालची पायरी एकाच सुताराने एकाच वेळी बसवली, तेव्हा शिडी उभी राहिली. आज वरच्या पायरीला रंग दिला जातो आणि खालच्या पायऱ्या जळणाला काढल्या जातात.

हा आक्षेप नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हेच बजावले होते: शेतकऱ्याच्या घामातून उभा राहिलेला महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्यांनी तो भरला त्यांची मुले प्राथमिक शाळेविना राहतात. जोतीराव उच्च शिक्षणाचे वैरी नव्हते; त्याच्या एकतर्फी वाटपाचे वैरी होते. आजच्या परदेशी शिष्यवृत्त्यांबाबतही तोच विवेक हवा. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची परदेशी शिष्यवृत्ती वर्षाला वीस विद्यार्थ्यांसाठी आहे, तीही पदव्युत्तर शिक्षणापासून पुढे. संपूर्ण देशातील आदिवासींसाठी वीस! आणि अनुसूचित जाती व अन्य वंचितांसाठी सामाजिक न्याय मंत्रालय जी परदेशी शिष्यवृत्ती देते, तिच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाजावरील संशोधनाचे विषय वगळण्यात आले. वंचित समाजाच्या मुलाने परदेशी जावे, सर्व काही शिकावे. फक्त आपल्या वंचनेचा अभ्यास करू नये! सरकारच्या मनात काय आहे हे याहून स्पष्ट सांगण्याची गरज नाही.

येथे मुख्य प्रश्न येतो. नंदुरबारच्या मुलाने वा मुलीने अर्थशास्त्र शिकावे ते कशासाठी? जिल्ह्याला कौशल्य हवे, रोजगार हवा. वक्ररेषा काय खायच्या आहेत, असे विचारणारे व्यवहारी लोक कमी नाहीत. त्यांना उत्तर नर्मदेने दिलेले आहे.

सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्राची तेहेतीस गावे गेली, ती सारी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली. १९८५ साली जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. त्याच दशकात जपानच्या परदेशी आर्थिक सहकार्य निधीने धरणाच्या टर्बाइनसाठी येनमध्ये कर्ज देऊ केले. म्हणजे मणिबेलीच्या जमिनीचा लाभ-हानीचा तक्ता वॉशिंग्टनमध्ये मांडला गेला, टोकियोत मांडला गेला, गांधीनगरात मांडला गेला. मणिबेलीत तो कोणी मांडला नाही. त्या तक्त्यात विजेला किंमत होती, उसाच्या पाण्याला किंमत होती. नदीकाठच्या गाळपेरीला, मोहाच्या झाडाला, वैरणीला, मासळीला किंमत नव्हती, कारण त्यांची बाजारात पावती फाटत नाही. हा तक्ता चुकीचा आहे हे अखेर लोकांनी आपल्या आंदोलनाने जगाला सांगितले. एप्रिल १९९० मध्ये टोकियोत नर्मदेवर परिसंवाद झाला, जपानी नागरिकांच्या संघटनांनी आपल्या सरकारला जाब विचारला आणि त्याच वर्षी जपानने या प्रकल्पाच्या कर्जातून अंग काढून घेतले. १९९२ साली ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींतील हिशेब कच्चे ठरवले, आणि १९९३ साली जागतिक बँकेचे कर्जही थांबले. धरण मात्र थांबले नाही. २०१७ मध्ये ते पूर्ण उंचीनिशी राष्ट्राला अर्पण झाले.

या इतिहासातून जपानी विद्यापीठात शिकण्याचा मोह धरावा की भय बाळगावे? दोन्ही नव्हे. बोध एवढाच घ्यावा की अर्थशास्त्र हे चैनीचे शास्त्र नाही. ज्याच्या हाती तक्ता, त्याच्या हाती नदी. आंदोलनातील माणसांनी तो तक्ता अडवला, पण अठरा-वीस वर्षांच्या पावरा किंवा वसावे मुलामुलींची एक पिढी पदवीच्या वर्गात बसून तोच तक्ता स्वतः तयार करू शकली असती, तर अडवण्याची लढाई मांडण्याची लढाई झाली असती.

आणि धरण हा एकच तक्ता नव्हे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत आणि अन्यत्र जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादम आधी ‘उचल’ देतो. ती हंगामभर फेडायची. ही उचल म्हणजे मजुरी की कर्ज? मजुरी असेल तर तिचा दर काय? कर्ज असेल तर त्याचे व्याज कोणत्या रकमेतून कापले गेले? दोन माणसांचा एक कोयता होतो तेव्हा बाईची मजुरी कोणाच्या खात्यात जाते? हे प्रश्न पदवीच्या पहिल्या वर्षात बसतील इतके साधे आणि डॉक्टरेटला पुरतील इतके खोल आहेत. खानदेशातून बारडोलीला जाणाऱ्या तोडकऱ्यांचा पहिला गंभीर अभ्यास १९७० च्या दशकात यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने केला. त्याचे ऋण मानावे. पण अॅम्स्टरडॅमच्या माणसाला जे दिसले ते घरातल्या माणसाला मांडता येऊ नये, ही लाज त्याची नव्हे. नंदुरबारच्या बाजारात मिरचीचे ढीग पडतात आणि पथारीवर ती लाल होऊन वाळते. ओल्या मिरचीचा भाव आणि वाळल्या मिरचीचा भाव यांतील अंतर कोणाकडे जाते? २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली गावात देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले. त्या क्रमांकाने रेशन जवळ आले की लांब गेले? देशातील पहिल्या गावाचा हा ताळेबंद तयार करण्याचा पहिला अधिकार त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याचा आहे. १९७२ नंतर शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने जी चळवळ उभी केली, तिचाही गाभा हिशेबाचाच होता: कोणाची जमीन, कोणत्या कागदाने, कोणाच्या नावावर गेली.

मग जपानकडून घ्यायचे काय? जागा नव्हे, रीत. १८६८ साली टोकियोतील उएनो टेकडीवर तोफा धडाडत असताना फुकुझावा युकिची यांनी आपल्या केओ शाळेतील अर्थशास्त्राचा पाठ थांबवला नाही, ही गोष्ट जपानी विद्यार्थी अभिमानाने सांगतात. पुस्तक अमेरिकेचे होते, शास्त्र परके होते. पण काही दशकांत त्यांनी ते आपल्या भाषेत आणले आणि जपानी मुलगा पदवीपर्यंत आपल्या मातृभाषेत अर्थशास्त्र शिकू लागला. मराठीने याबाबतीत खाली मान घालण्याचे कारण नाही: अर्थशास्त्रावरील मराठी पुस्तके १८५० च्या दशकातच, म्हणजे त्या तोफांच्या आधी, निघाली होती. आरंभ आपला आधीचा, सातत्य त्यांचे. दुसरी रीत त्यांच्या ‘झेमी’ची. बहुतेक अर्थशास्त्र विभागांत शेवटच्या दोन वर्षांत विद्यार्थी एका प्राध्यापकाच्या छोट्या अभ्यासगटात जातो, वाचतो, वाद घालतो आणि स्वतःचा प्रबंध लिहितो. १९१६ साली क्योतोच्या कावाकामी हाजिमे या प्राध्यापकाने दारिद्र्यावरील लेखमाला वर्तमानपत्रात लिहिली आणि अर्थशास्त्र वर्गाबाहेर नेले.

जपानची पूजा बांधण्याचेही कारण नाही. त्याच कावाकामींना १९२८ साली मार्क्सवादी विचारांपायी विद्यापीठ सोडावे लागले आणि पुढे तुरुंगात जावे लागले. आजही तिथला पदवीधर तिसऱ्या वर्षापासून काळा सूट चढवून कंपन्यांच्या मुलाखतींच्या मागे धावतो आणि झेमीतला प्रबंध मागे पडतो. बाजार तिथेही विद्यापीठाच्या दारात उभा आहे. म्हणूनच त्यांची रीत घ्यावी, त्यांची घाई घेऊ नये.

हे नंदुरबारात अशक्य आहे काय? जिल्ह्यातील महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणि चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प दारात आणून ठेवला आहे. पण तासाला मोजून पैसे घेणारा, वर्षाच्या शेवटी उद्याची खात्री नसणारा प्राध्यापक झेमी कशी चालवणार? राज्यभर रिक्त पदे तासिका तत्त्वावर भागवण्याचा जो धंदा चालला आहे, त्याची सर्वांत जबर किंमत शेवटच्या जिल्ह्यातील विद्यार्थी देतो. शहरातल्या मुलाला शिकवणी आहे, घरात पुस्तके आहेत. तोरणमाळच्या मुलाला फक्त तो एक प्राध्यापक आहे.

म्हणून मागण्या साध्या आणि मोजता येण्याजोग्या असाव्यात. जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्यात किमान एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कला शाखेत गणित व संख्याशास्त्र पूर्णवेळ शिक्षकासह शिकवले जावे. अर्थशास्त्राची मंजूर पदे कायम स्वरूपात भरावीत. अंतिम वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाचा एक प्रश्न घेऊन छोट्या गटात प्रबंध लिहावा, आणि पावरी, भिली, मावची बोलणाऱ्या माणसांची साक्ष त्यांच्या बोलीत नोंदवण्यास त्यात पूर्ण मान असावा. शिष्यवृत्तीचा आरंभ पदवीनंतर न होता पदवीच्या आधी व्हावा, आणि परदेशी शिकू इच्छिणाऱ्याला जपान देते तसे भाषेचे एक पूर्ण वर्ष आपल्या सरकारनेही द्यावे. भारतीय समाजाच्या अभ्यासावरील बंदी विनाविलंब उठवावी.

इतके झाले तर अक्कलकुव्याची एखादी मुलगी खुशाल टोकियोला जावो. मात्र ती तिथे दान घेणारी म्हणून जाणार नाही. १९९० साली ज्या शहराने तिच्या नदीचा हिशेब अर्धवट सोडला, त्या शहराला तो हिशेब पुरा करून दाखवणारी म्हणून ती जाईल. आणि ती गेली नाही, नंदुरबारातच राहिली, तरी काही बिघडणार नाही. मुकादमाची वही तिला वाचता येईल. ज्या शिक्षणाने ती वही वाचता येत नाही, ते सातपुड्याच्या पायथ्याशी मिळाले काय आणि फुजीच्या पायथ्याशी मिळाले काय, सारखेच निरुपयोगी आहे.